हार्टअटॅकनंतर पुन्हा शेतात : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न अशा घरांतले आहेत, जिथे बसून राहणं परवडत नाही. त्यामुळे 'आराम करा' एवढ्यावर भागवता येणार नाही.

प्रश्न : वय ५४. पाच आठवड्यांपूर्वी ॲटॅक आला, एक स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, 'हलकी कामं करा.' घरी दोन एकर ऊस आणि चार जनावरं आहेत. यातलं हलकं काय धरायचं? – सातारा जिल्हा

दादा, 'हलकं काम' असं कार्डावर लिहून आम्ही डॉक्टर मोकळे होतो आणि पंचाईत तुमची होते. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टेंटमुळे हृदयाला रक्त पुरवणारी नळी उघडली, पण रक्त न मिळाल्याने स्नायूचा जो भाग दुखावला, तिथे घट्ट व्रण धरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर हृदयाला हळूहळू चढणारं काम सोसतं, एकदम येणारा दाब सोसत नाही. चालताना ठोके सावकाश वाढतात. युरियाचं ४५ किलोचं पोतं उचलताना मात्र माणूस दम रोखून कुंथतो आणि त्या दोन-चार सेकंदांत रक्तदाब झपकन वर जातो. कडबाकुट्टीत अडकलेली वैरण ओढणं, बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलणं, उसाची मोळी डोक्यावर घेणं, सगळ्यांत हाच धोका आहे. तासभर बांधावरून चालणं यापेक्षा कितीतरी बरं.

आत्ता सपाटीवर न थांबता अर्धा तास चालता येतं का, ते बघा. येत असेल तर जनावरांना पाणी दाखवा, जवळ आणून ठेवलेली वैरण टाका, एखाद्या म्हशीची धार काढा. भारा मात्र दुसऱ्याने आणायचा. दोन महिने झाले की इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) करून घ्या. हृदयाचं पंपिंग चांगलं असेल आणि टेस्ट ठीक आली, तर खोरं हातात घ्या. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं दारं धरायची, मग सावलीत बसायचं. पोत्यांचं नाव तीन महिन्यांनंतर, तेही डॉक्टरांना विचारून, आणि आधी अर्ध्या भरलेल्या पोत्याने सुरुवात करून. पंपिंग ४० टक्क्यांखाली असेल तर हे वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. तुमचं वेगळं ठरवावं लागेल.

नाडी मोजत बसू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर दमलात तरी ठोके फारसे वाढत नाहीत आणि फसगत होते. त्यापेक्षा काम करताना शेजारच्याशी सलग बोलून बघा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर ते काम आज तुमच्यासाठी जड आहे.

छातीवर दाब, जबडा किंवा हात भरून येणं, दरदरून घाम, गरगरणं, यांपैकी काहीही झालं तर अवजार तिथेच टाका आणि बसा. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल तर बसूनच जिभेखाली धरा, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडाल. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८. मोटरसायकलवर मागे बसून दवाखाना गाठू नका. आणखी एक, जे पुरुष सांगत नाहीत: 'ताकदीच्या', म्हणजे संबंधांसाठीच्या व्हायग्रासारख्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच. त्यांच्या जोडीला सॉर्बिट्रेट घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरतो.

प्रश्न : सासऱ्यांना ॲटॅक येऊन चार महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत, पण ते ओट्यावरून उठत नाहीत. आम्हीही काही करू देत नाही. – बीड जिल्हा

ताई, तुमची माया मला कळते, पण ती त्यांना दुबळं करते आहे. नुसतं बसून पायांतली ताकद जाते, साखर आणि रक्तदाब वाढतो, मन खचतं. आयुष्यभर रानात वावरलेल्या माणसाच्या हातून काम काढून घेतलं की त्याला आपण संपलो असं वाटू लागतं. ते झोपत नसतील, जेवण कमी झालं असेल, उगाच डोळ्यांत पाणी येत असेल, तर हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. ॲटॅकनंतर नैराश्य येणं नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत.

उद्या सकाळी त्यांना 'तुम्ही बसा' म्हणू नका. 'मामा, कपाशीला बोंडअळी दिसते का, बघायला येता का?' असं विचारा आणि सोबत चाला.

प्रश्न : आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असते. स्टेंटला तीन महिने झाले. गव्हाला पाणी द्यायला आणि फवारणीला जाऊ का? – अहिल्यानगर जिल्हा

रात्री एकट्याने जाऊ नका, निदान हा हिवाळा तरी. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब वाढतो, त्यात जागरण आणि ओले पाय. काही झालं तर हाकेच्या अंतरावर कोणी नसतं, याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. जावंच लागलं तर सोबत माणूस, कानटोपी, स्वेटर, गमबूट आणि चार्ज केलेला फोन. रात्री जागलात तर दुसऱ्या दिवशी जड काम नको.

फवारणीला माझं उत्तर 'नाही' आहे. १६ लिटरचा पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या आसपास ओझं येतं. शिवाय ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अंगात गेली तर ठोके मंदावतात, आणि तुमची गोळीही ठोके मंद करणारीच असेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसं दगावली. दुसऱ्याकडून फवारून घ्या आणि त्या दिवशी वावराकडे फिरकू नका.

प्रश्न : बायपासला एक महिना झाला. ट्रॅक्टर चालवू का? – सोलापूर जिल्हा

नाही. छातीचं कापलेलं हाड पक्कं जुळायला जवळपास तीन महिने लागतात. धक्के आणि स्टिअरिंगची ओढ त्याला सोसणार नाही. मोटरसायकललाही तोच नियम.

प्रश्न : वय ४७, रोजाने खुरपणीला जाते. योजनेतून फुकट स्टेंट बसला, पण गोळ्यांना महिन्याला खूप पैसे जातात. आता बरं वाटतं म्हणून दहा दिवसांपासून बंद केल्या. कामावर जाऊ का? – नांदेड जिल्हा

ताई, कामाचं नंतर बोलू. आज चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या चालू करा. राहिलेले डोस एकदम घेऊ नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाहीत आणि ॲटॅकनंतर त्या दोन्ही साधारण वर्षभर लागतात. बंद केल्या तर स्टेंट अचानक बुजू शकतो. जन औषधी केंद्रात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन बऱ्याच स्वस्तात मिळतात. काही गोळ्या सरकारी रुग्णालयातही मिळतात, तिथे आवर्जून विचारा. गोळ्या बदलायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच बदला.

गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरांनी होकार दिला तर खुरपणी जमेल, पण उक्तं काम घेऊ नका. उक्त्यात टोळीच्या वेगाने हात चालवावा लागतो, रोजाने असलं की दम खाता येतो. ऊन चढायच्या आत निघा. वाकून बसलेलं असताना झटकन उठू नका, आधी गुडघ्यावर हात टेका. खुरपं लागलं तर रक्त जास्त वेळ वाहील. फडक्याने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. दहा मिनिटांनीही थांबलं नाही किंवा शौच काळी झाली, तर दवाखान्यात जा. त्यासाठीही गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

बाईच्या ॲटॅकला छातीत कळ यायलाच हवी असं नाही. मळमळ, पाठीत दुखणं, काम न करता आलेला थकवा, एवढंच असू शकतं. बरोबरच्या बाया 'पित्त झालं' म्हणाल्या तरी ईसीजी काढून घ्या. आणि पुढच्या तपासणीला गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या.