फ्लॉवरचं बी धरण्याआधी

इंदूरच्या गच्चीवर फ्लॉवर आणि ब्रोकोली शेजारी लावून दोन्हींचं बी धरायचा बेत असेल तर जरा थांबा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही नावं चार, वनस्पती एकच: ब्रासिका ओलेरेसिया. तिचे रानटी भाऊबंद युरोपात समुद्रकाठच्या कड्यांवर उगवतात, नुसती जाड पानं. माणसानं निवडत निवडत कुठे शेंड्याची कळी फुगवली (कोबी), कुठे खोड (नवलकोल), कुठे फुलोरा.

मधमाशीला हा फरक कळत नाही. पिवळी फुलं उमलली की पराग मिसळतात, आणि पुढच्या वर्षी ना धड गड्डा, ना धड ब्रोकोली. म्हणून एका हंगामात एकाचंच बी धरा. दुसऱ्याची फुलं उमलण्याआधी भाजी करून टाका. झाडं पाच-सहा हवीतच. बहुतेकांना स्वतःचा पराग चालत नाही, एकट्या झाडाच्या शेंगा पोचट राहतात. शेजारी मोहरी असली तरी काळजी नको: तिची गुणसूत्रं 36, यांची 18. मुळा तर वेगळ्याच वंशातला.

फ्लॉवर लवकर येणाऱ्या देशी जातीचा घ्या, हायब्रिड नको. कोबीचं बी मात्र विकतच आणा. त्याला फुलायला कित्येक आठवडे सलग कडक थंडी लागते, ती माळव्यात मिळत नाही.