गाडी 78 टक्के चार्ज, तरी दार उघडेना!

चवथ झाली, पाऊसही ओसरला आणि बंद पडलेल्या ईव्हींची, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची, पत्रं यायला लागली. सगळ्यांचं दुखणं जवळपास एकच आहे, म्हणून यावेळी निवडक पत्रं एकत्रच घेतली.

प्रश्न : आमचे मिस्टर तारवटी, सहा-सहा महिने बोटीवर असतात. मी गावात स्कूटरवरच फिरते, ईव्ही पोर्चमध्ये उभी. परवा तीन आठवड्यांनी बघते तर रिमोटला गाडी ढिम्म, दारच उघडेना. मोबाइलवर तर बॅटरी 78 टक्के दिसत होती. मेकॅनिक म्हणाला, बॅटरी बसली. 78 टक्के असताना बसली कशी? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ताई, मेकॅनिक बरोबर बोलला, फक्त कुठली बॅटरी ते सांगायचं राहिलं. ईव्हीत दोन असतात. गाडीच्या तळातली मोठी, साधारण तीनशे-चारशे व्होल्टची, जिच्यावर गाडी पळते. आणि दुसरी आपली नेहमीची 12 व्होल्टची छोटी, जिच्यावर लॉक, दिवे, स्क्रीन, आतले सगळे कंप्युटर चालतात. गाडी बंद केली की मोठी बॅटरी एका जाडजूड रिलेने, म्हणजे कॉन्टॅक्टरने, बाकी गाडीपासून तोडलेली असते आणि तो जोडायला करंट लागतो तो छोटीचा. म्हणजे विहीर तुडुंब भरलीय पण पंप चालू करायला लाइट नाही, तसं झालं तुमचं.

छोटीला चार्ज करतो डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मोठीचा करंट छोटीला झेपेल इतका उतरवणारा डबा, पण तो चालतो गाडी ‘रेडी’त, म्हणजे निघायला तयार, असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना. नुसती उभी असताना काही गाड्या अधूनमधून आपणहून छोटीला पाजतात, काही नाही पाजत, तुमची कुठली ते मॅन्युअलमध्ये बघा.

आता एक विचारतो, राग मानू नका. मिस्टर बोटीवरून ॲप उघडून गाडी बघतात का हो? कारण हिशेब बघा. झोपलेली गाडी साधारण 20 ते 50 मिलिअँपियर खाते. 50 धरले तर दिवसाला 1.2 अँपियर-तास, आणि छोटी बॅटरी 35 अँपियर-तासांची असली तर महिना जवळपास निघतो. पण प्रत्येक वेळी ॲप उघडलं की गाडी जागी होते, तिचे कंप्युटर उठतात आणि लगेच झोपत नाहीत. जागी असताना तीन अँपियर खाते आणि दहा मिनिटं जागी राहते असं धरलं तर एका वेळेला अर्धा अँपियर-तास गेला. दिवसातून दहा वेळा बघितलं की 5 गेले, म्हणजे झोपेतल्या खर्चाच्या चौपट! मग बॅटरी आठवडाभरसुद्धा टिकत नाही. त्यांना सांगा, गाडी पोर्चमध्येच आहे, आठवड्यातून एकदा बघितलं तरी पळून जाणार नाही.

मी शहाणपण शिकवतोय खरा, पण मीही त्यातलाच. डॅशकॅम, म्हणजे काचेवरचा कॅमेरा, थेट फ्यूजबॉक्सला जोडून (म्हणजे गाडी बंद असली तरी तो छोटीवर चालूच) गाडी दाबोळी विमानतळावर ठेवली आणि अठरा दिवसांनी रात्री भर पावसात परत आलो. रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते ती काढून दार उघडलं, आत काळोख. छोटीला मल्टिमीटर लावला तर 10.9 व्होल्ट. भरलेली लेड-ॲसिड 12.6-12.7 दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली गेली की धोका, आणि तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसून कायमची कमजोर होते. डॅशकॅम त्याच आठवड्यात काढला.

तुम्ही आठवड्यातून एकदा तासभर चालवा, पर्वरीपर्यंत जाऊन आलात तरी चालेल. जायचं नसेल तर पोर्चमध्येच ‘रेडी’त ठेवून बसा, धूर तर नाहीच. पण डॅशबोर्डवर ‘रेडी’ आलंय ना ते बघा, नुसती स्क्रीन चालू करून गाणी ऐकलीत तर बऱ्याच गाड्यांत उलट छोटीच रिकामी होते. चवथीला गाडीच्या स्पीकरवर भजनं लावणाऱ्यांनीही हे वाचावं.

प्रश्न : दोन महिने मुलाकडे बंगळूरला जातोय. गाडी चार्जिंगलाच लावून जाऊ की बॅटरीची वायर काढून ठेवू? (निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर : मास्तर, चार्जिंगला लावून जाऊ नका. मोठी बॅटरी भरली की चार्जिंग थांबतं, त्यापुढे छोटीला मिळेलच याची खात्री नाही. मोठी पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा.

वायर काढायची तर निगेटिव्हची, आणि आधी मॅन्युअल बघून. गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, ती झोपू दे, मग 10 नंबरच्या पान्याने ढिली करा. पण परत आल्यावर आत कसे शिरणार ते आधीच ठरवा! लोखंडी किल्लीने ड्रायव्हरचं दार उघडतं, पण काही गाड्यांत छोटी बॅटरी डिकीत असते आणि डिकी उघडते बटनावर. मग बसा बाहेर. अलार्मही अशाने बंद पडतो हे लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर पोर्चमध्ये प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर, म्हणजे छोटीला कायम लावून ठेवायचा चार्जर, घ्या. भरली की आपोआप कमी होतो असाच, साधा जुना चार्जर नको. आपल्याकडे लाइट येते-जाते, तेव्हा लाइट आल्यावर स्वतः परत सुरू होणारा बघा. आणि बॅटरी साधी लेड-ॲसिड आहे, एजीएम (सीलबंद प्रकारची लेड-ॲसिड) आहे की लिथियम ते बघून तो मोड लावा, हे चुकवू नका.

प्रश्न : किल्ली दाराजवळच्या खुंटीला असते, गाडी भिंतीपलीकडे. चालेल का? टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडरही धरलीय. (कोलवा)

उत्तर : कीलेस गाडी असेल तर किल्ली आत कपाटात, चार-पाच मीटर लांब ठेवा. जवळ असली की काही गाड्या नीट झोपत नाहीत. पावडर म्हणजे गंज, खारा वारा त्याला साथ देतो. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. जोडताना उलटं, पॉझिटिव्ह आधी. मोठ्या बॅटरीची केशरी केबल दिसली तर तिला हात लावायचा नाही.

प्रश्न : शेजाऱ्याच्या पेट्रोल गाडीवरून माझी ईव्ही जंप केली, म्हणजे केबलने त्याच्या बॅटरीचा करंट घेऊन चालू केली, झाली. आता त्याची बसलीय, मी देऊ का? (मडगाव)

उत्तर : घेतलीत ते ठीक, पण द्यायला बहुतेक मॅन्युअल नाहीच म्हणतात. पेट्रोल गाडीचा स्टार्टर एका झटक्यात शेकडो अँपियर ओढतो, ईव्हीतली छोटी त्यासाठी बनवलेलीच नसते. शेजाऱ्याला चहा द्या आणि मेकॅनिकला फोन लावा.