वाचक विचारतात : मेश लहान केली, पण पेटंट नेमकं कशाचं मागायचं?

या वेळी एकाच विषयावरची पत्रं निवडली आहेत : थ्रीडी मेशचा डेटा दाबून लहान करण्याच्या पद्धती आणि त्यांचं पेटंट-परीक्षण. मेश म्हणजे त्रिकोणांची जाळी. तिच्यात बिंदूंच्या जागा, कोणते तीन बिंदू मिळून एक त्रिकोण होतो याची यादी, आणि रंग-पोत यांसारखी जोडमाहिती असते. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीने मुंबई कार्यालयात अर्ज केला. मोठी मेश तुकड्यांत दाबायची, प्रत्येक तुकडा मोबाइलवर स्वतंत्रपणे उघडायचा आणि तरी जोडावर फट पडू द्यायची नाही, अशी पद्धत आहे. पहिल्या परीक्षण अहवालात पेटंट कायद्याचं कलम ३(के) लावून ‘गणिती पद्धत आणि अल्गोरिदम’ असा आक्षेप आला. क्लेममध्ये, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणाऱ्या मजकुरात, प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही लिहिलं होतं. उत्तर काय द्यावं? (अंधेरी)

उत्तर : प्रोसेसर आणि मेमरी हे शब्द घातल्याने हा आक्षेप जात नाही. परीक्षक क्लेमचा पोशाख बाजूला ठेवून आतला गाभा पाहतो, आणि ते योग्यच आहे.

कलम ३(के) चार गोष्टी वगळतं : गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, ‘पर से’ कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम. ‘पर से’, म्हणजे ‘निव्वळ तेवढाच’, हे शब्द फक्त प्रोग्रॅमला जोडलेले आहेत. म्हणून ‘आमचा प्रोग्रॅम निव्वळ प्रोग्रॅम नाही’ एवढंच लिहून थांबलात तर गणिती पद्धतीचा आणि अल्गोरिदमचा आक्षेप जागच्या जागी राहतो. तुमच्या अहवालात तर तेच दोन शब्द आहेत, तेव्हा उत्तरही त्यांनाच द्यायला हवं.

दिल्ली उच्च न्यायालयाने फेरिद अल्लानी प्रकरणात १२ डिसेंबर २०१९ रोजी सांगितलं की, शोध प्रोग्रॅमवर आधारलेला असला तरी त्यातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल, तर तेवढ्यावरून पेटंट नाकारता येत नाही. नवं हार्डवेअर हवंच, ही पेटंट कार्यालयाच्या फेब्रुवारी २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतली अट २०१७ मध्ये निघाली. त्यामुळे उत्तरात नवीन चिप दाखवण्याची धडपड करू नका. तांत्रिक अडचण कोणती होती, ती कुठल्या पायरीमुळे सुटली आणि यंत्रात काय बदललं, हे दाखवा.

तुमच्याकडे अडचण अगदी ठोस आहे. प्रत्येक तुकडा स्वतःच्या चौकटीत मोजला की दोन तुकड्यांची पट्टी वेगळी होते. १ मीटरची चौकट १० बिटांत, म्हणजे १०२४ घरांत, मोजली तर एक घर सुमारे ०.९८ मिमीचं येतं. शेजारची चौकट ०.७ मीटरची असेल तर तिथे घर ०.६८ मिमीचं. दोघांच्या सीमेवरचा एकच बिंदू एकीकडे जास्तीत जास्त ०.४९ मिमी आणि दुसरीकडे ०.३४ मिमी सरकू शकतो. म्हणजे एकाच अक्षावर सुमारे ०.८ मिमीची फट, आणि पडद्यावर तिथून पार्श्वभूमी चमकते. तुमची पद्धत सीमेवरच्या बिंदूंसाठी सगळ्या तुकड्यांना एकच पट्टी लावते आणि आतल्या बिंदूंना तुकड्याची आपली बारीक पट्टी ठेवते. हे उत्तराच्या पहिल्या पानावर यायला हवं.

आता क्लेम. ‘बिंदूंचा संच घ्यावा, प्रत्येकाचं भाकीत करावं, फरक काढावा, फरक एन्कोड करावा’ हे कागद-पेन्सिलीनेही पुरं होतं, म्हणून ते गणितच वाटतं. त्याऐवजी असा क्रम ठेवा : मेश तुकड्यांत विभागणं, दोन तुकड्यांत सामाईक असलेले बिंदू ओळखणं, त्यांना सामाईक पूर्णांक पट्टीवर बसवणं, उरलेल्यांना तुकड्याच्या पट्टीवर, प्रत्येक तुकड्याच्या बिटप्रवाहात दोन्ही पट्ट्यांची खूण लिहिणं, आणि डिकोडरने (दाबलेला डेटा उघडणाऱ्या भागाने) शेजारचा तुकडा मेमरीत नसताना एक तुकडा उघडून त्याचे बिंदू थेट ग्राफिक्स बफरमध्ये भरणं. शेवटच्या पायरीत मेमरीची बचत दिसते, आणि ती पडताळून पाहता येते.

एक इशारा. हे सगळं मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, असेल तरच क्लेममध्ये आणता येतं. कलम ५९ खाली दुरुस्ती म्हणजे क्लेम आवळणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं; मूळ कागदात नसलेली गोष्ट त्यातून आत येत नाही. मोजमापाचे नवे आकडे शपथपत्रासोबत पुरावा म्हणून देता येतात, पण स्पेसिफिकेशनमध्ये घुसवता येत नाहीत. उत्तराची मुदत अहवालाच्या तारखेपासून ६ महिने. मुदतवाढ ३ महिन्यांपर्यंत मिळते; तिचा फॉर्म ४ पहिली मुदत संपण्याआधीच भरा. मुदत गेली की अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं.

प्रश्न : आमच्या अहवालात आधीच्या प्रसिद्ध साहित्यातून डी१ म्हणून १९९८ चा समांतरभुज भाकिताचा लेख आणि डी२ म्हणून ड्राकोची कागदपत्रं दाखवून ‘दोन्ही जोडलं की तुमचा शोध उघड (जाणकाराला सहज सुचण्यासारखा) आहे’ असं म्हटलंय. आमचं भाकीत डी१ पेक्षा खरोखर चांगलं आहे. तेवढं पुरेल? (पवई)

उत्तर : ‘चांगलं’ हा शब्द परीक्षणात वजनदार नाही. आधी डी१ नीट समजून घ्या. तौमा आणि गॉट्समन यांच्या त्या लेखात, त्रिकोण अ-ब-क माहीत असताना अ-ब या कडेपलीकडचा बिंदू ‘अ + ब − क’ इथे असेल असं धरतात आणि प्रत्यक्ष बिंदूशी असलेला फरकच साठवतात. गुळगुळीत पृष्ठभागावर फरक लहान येतो, म्हणून तो थोड्या बिटांत मावतो. धारदार कडेवर मात्र भाकीत साफ चुकतं. ड्राको हा गूगलने जानेवारी २०१७ मध्ये खुला केलेला संच. जोडणी, म्हणजे कोणत्या तीन बिंदूंचा त्रिकोण होतो ती यादी, दाबायला तो एजब्रेकर ही पद्धत वापरतो. रॉसिन्याकच्या १९९९ च्या मूळ एजब्रेकरमध्ये सी, एल, ई, आर, एस या पाच खुणांनी जाळी उलगडते, आणि साध्या बंद जाळीला त्रिकोणामागे २ बिटांहून जास्त लागत नाही.

जोडणीच्या भागात बचतीला किती थोडी जागा उरली आहे, ते हिशेबाने बघा. १ लाख बिंदूंच्या बंद जाळीत जवळपास २ लाख त्रिकोण असतात. कच्च्या यादीत त्रिकोणामागे तीन क्रमांक, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २४ लाख बाइट. त्रिकोणामागे २ बिट धरले तर तीच यादी ५० हजार बाइटांत बसते. ही बचत १९९९ मध्येच झालेली आहे. तुमचा शोध जोडणीत असेल तर परीक्षकाला पटवणं अवघड. बिंदूंच्या जागा आणि जोडमाहिती यांत मात्र अजून पुष्कळ शिल्लक आहे.

तेव्हा उत्तरात डी१ आणि डी२ यांचा एक तक्ता करा : तुमच्या क्लेमची प्रत्येक पायरी डावीकडे, ती डी१ मध्ये कुठे आहे, डी२ मध्ये कुठे आहे, आणि कुठेच नाही ती कोणती. ती कुठेच नसलेली पायरी डी२ वाचणाऱ्या जाणकाराला का सुचली नसती, याचं कारण लिहा. सगळ्यात बळकट कारण असतं ते डी१ किंवा डी२ उलट दिशेला नेतात हे. उदाहरणार्थ, डी२ वेग राखण्यासाठी एखादी माहिती टाकून देत असेल आणि तुम्ही तीच ठेवून वेग राखला असेल, तर ते उताऱ्यासकट दाखवा. कायद्यात ‘शोधाची पायरी’, म्हणजे आधीच्या ज्ञानापुढे टाकलेलं पाऊल, ठरायला तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व पुरतं, पण ‘उघड नसणं’ दोन्ही वाटांनी लागतंच. आर्थिक फायद्यावर विसंबून हा भाग सोडू नका.

प्रश्न : दातांच्या स्कॅनची मेश दाबण्याचं सॉफ्टवेअर बनवतोय. स्पेसिफिकेशन किती खोल लिहायचं? गुपित सगळं उघडं पडेल अशी भीती वाटते. (दादर)

उत्तर : पेटंट आणि गुपित ही दोन्ही सुखं एकत्र मिळत नाहीत. कलम १०(४) म्हणतं की शोध आणि तो करण्याची तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत सांगितली पाहिजे. मेशच्या अर्जांत पुढचे तपशील हमखास सुटतात आणि तिथेच आक्षेप येतो.

पहिला, किती बिट. दंतपंक्तीची चौकट ८० मिमी धरली तर १० बिटांत घर ०.०७८ मिमी, १२ बिटांत सुमारे ०.०२ मिमी. बिंदू घराच्या अर्ध्याइतका सरकू शकतो, म्हणजे १२ बिटांत प्रत्येक अक्षावर ०.०१ मिमी. ‘योग्य तेवढे बिट’ असं लिहिलंत तर जाणकाराला काहीच कळत नाही. आकड्यांची मर्यादा द्या, एक नमुना मेश द्या, आधीचा आणि नंतरचा आकार द्या.

दुसरा, भाकीत कुठल्या अंकांत करता. दशांश अंकांत केलंत तर सर्व्हरवरचा एन्कोडर आणि मोबाइलवरचा डिकोडर शेवटच्या अंकात वेगळं उत्तर काढू शकतात. मग पुढचा बिंदू चुकलेल्या बिंदूवरून ठरतो, चूक साचत जाते आणि मेशच्या टोकाला दात वाकडा दिसतो. म्हणून आधी पूर्णांकात आणून मग भाकीत करतात. तुम्ही तसं करत असाल तर स्पष्ट लिहा, कारण पुढे तांत्रिक परिणाम दाखवताना हेच वाक्य कामी येतं.

तिसरा, बिघडलेल्या जाळीचं काय. स्कॅनरच्या मेशमध्ये तीन त्रिकोण एकाच कडेला चिकटलेले, शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण, भोकं हे सगळं असतं. एजब्रेकरसारख्या पद्धती एका कडेला दोनच त्रिकोण धरतात. अशा कडा तुम्ही फाडता, दुरुस्त करता की नाकारता? फाडल्यावर बिंदूंची संख्या आणि क्रम बदलतो. मग मूळ क्रमाशी जोडलेल्या खुणा हरवतात आणि ‘काहीही न गमावता’ हा क्लेम खोटा ठरतो.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचा कोड चार महिन्यांपूर्वी गिटहबवर सगळ्यांसाठी खुला टाकला. आता पेटंट मिळेल? (माटुंगा)

उत्तर : त्या कोडमध्ये जे आहे त्याचं भारतात बहुधा नाही. कलम ३१ मधली १२ महिन्यांची सवलत थोड्याच प्रसंगांना आहे : सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध किंवा तिच्या कामकाजात छापलेला लेख. स्वतःहून खुला टाकलेला कोड त्यात बसत नाही. आता काढून टाकलात तरी प्रसिद्धी होऊन गेली. पण त्यानंतर तुम्ही काही नवं केलं असेल, तर तेवढ्याचाच अर्ज, तेही दाखवण्याआधी. मार्गदर्शकांचा खरा वाटा असेल तर शोधकर्ता म्हणून त्यांचंही नाव घाला, आणि हक्क कोणाचा याबद्दल कॉलेजचा नियम आधी वाचा.

प्रश्न : एकूण शुल्क किती? स्पेसिफिकेशनला संपूर्ण कोड जोडावा का? (मुलुंड)

उत्तर : व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाचे १६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४००० रुपये. विनंती प्राधान्य-तारखेपासून (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांत, फॉर्म १८ वर; ती आपोआप होत नाही आणि विसरली तर अर्ज संपतो. १० क्लेमनंतर प्रत्येकी ३२०, ३० पानांनंतर पानामागे १६० रुपये. कोडमुळे कागद २०० पानांचा झाला तर वरच्या १७० पानांचे २७,२०० रुपये होतात. त्या पैशात परीक्षकाला काही जास्त समजत नाही. तपशीलवार आराखडा, प्रवाहचित्रं आणि आठ-दहा ओळींची उदाहरणं त्याहून उपयोगी.

प्रश्न : अमेरिकेत आधी अर्ज केला तर चालेल? (बोरिवली)

उत्तर : तुम्ही भारतात राहता, तर कलम ३९ बघा. एकतर भारतात अर्ज करून ६ आठवडे थांबा, नाहीतर फॉर्म २५ वर परवानगी घ्या. हे मोडणं गुन्हा आहे आणि भारतातला अर्जही त्यामुळे जातो. घाई असेल तर परवानगी घेणंच सोपं.

प्रश्न : सुनावणीची नोटीस आली आहे. अँटॉप हिलला, पेटंट कार्यालयात, जावं लागेल का? आणि नाकारलं तर? (विलेपार्ले)

उत्तर : सुनावणी व्हिडिओवर होते, नोटिशीतला दुवा आणि वेळ बघा. नोटिशीत उरलेले आक्षेप मांडलेले असतात, तेव्हा तेवढ्यांचीच तयारी करा. एक मोठी मेश, तिचा दाबण्याआधीचा आणि नंतरचा आकार, उघडायला लागणारी मेमरी आणि जोडाचं जवळून काढलेलं चित्र आधी पाठवून ठेवा. तोंडी सांगितलेलं सगळं सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी द्यावं लागतं. सुधारित क्लेमही त्यातच. तोंडी मान्य केलेला बदल लेखी यायचा राहिला, तर आदेश जुन्या क्लेमवर होतो.

नाकारलं तर फेरविचाराची मागणी १ महिन्यात, फॉर्म २४ वर. अपील ३ महिन्यांत, मुंबई कार्यालयाच्या आदेशावर मुंबई उच्च न्यायालयात. पूर्वी अशी अपिलं ऐकणारं अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झालं. अपील करायचं की नाही हे ठरवण्याआधी आदेशात तुमच्या तांत्रिक परिणामाचा उल्लेख आहे का ते शोधा. परिणाम मांडलेला असूनही आदेशात त्याबद्दल एक ओळ नसेल, तर अपिलाचा तोच सगळ्यात भक्कम मुद्दा.