दुसऱ्याचा डोळा आहे, तक्रार कशी करू?

"लहानपणी आमच्या मुलाला दुसऱ्याच्या अवयवाचं रोपण करावं लागलं. कुणीतरी दिलं म्हणून तो बरा झाला, पण त्याला त्याची जाणीवच नाही. ती कशी करून द्यायची?" पालक हा प्रश्न वरचेवर विचारतात. जाणीव नसलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी क्वचितच येतात. येतात ती तिच्या ओझ्यानं वाकलेली.

नेहा (नाव आणि तपशील बदलले आहेत) एकोणीस वर्षांची. सातव्या वर्षी जंतुसंसर्गानं तिच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ पांढरं पडलं आणि नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवावं लागलं. माझ्याकडे ती आली होती अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून. बोलता बोलता म्हणाली, "त्या डोळ्यानं हल्ली धुरकट दिसतं. उजेडही सहन होत नाही."

"घरी सांगितलंस?"

"कसं सांगू? कुणीतरी गेलं म्हणून मला दिसतंय. त्यात आणखी कुरकूर करू?"

बाकीचं बोलणं तिथंच थांबवून मी तिला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. डोळा लाल होणं, दुखणं, अंधूक दिसणं, उजेडाचा त्रास ही शरीर रोपण नाकारू लागल्याची लक्षणं असू शकतात, आणि ती कित्येक वर्षांनंतरही उद्भवतात. स्टिरॉइडचे थेंब वेळेत सुरू झाले तर बुबुळ वाचण्याची शक्यता चांगली असते. तिचं वाचलं.

हा गप्प राहण्याचा धडा तिला घरातच मिळाला होता, तोही मायेनं. मार्क कमी पडले, मोबाइल जास्त पाहिला, की वडील म्हणायचे, "दुसऱ्याचा डोळा आहे तो, जपून वापर." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण उपकाराची आठवण रागावण्यासाठी वापरली की तिचं कर्ज होतं, आणि इथं तर सावकारच हयात नाही. फेडायचं कुणाला?

"माझ्यासाठी कुणीतरी मेलं" हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. तिला मी 1905 सालची हकीकत सांगितली. एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी चुन्यानं भाजून दृष्टी गेलेल्या एका मजुरावर बुबुळाचं पहिलं यशस्वी रोपण केलं. बुबुळ होतं अकरा वर्षांच्या एका जिवंत मुलाचं. लोखंडाचे कण घुसून त्याचा डोळा निकामी झाला होता, तो काढावाच लागणार होता. मजूर आला नसता तरी मुलाचा डोळा वाचला नसता. नेहा बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझी वाट बघत कुणी मेलं नाही."

तिला आणखी एक गोष्ट आवडली. बसवलेल्या बुबुळाचा सर्वांत बाहेरचा थर काही काळानं घेणाऱ्याच्याच पेशींचा होतो. आतल्या थरात मात्र दात्याच्या पेशी वर्षानुवर्षं काम करत राहतात. "मग भागीदारी आहे," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

राग यायला अजून वेळ लागला. टाके, थेंबांच्या वेळा, खेळाच्या तासाला बाजूला बसवणं, डोळ्याकडे टक लावून बघणारी माणसं. हे सगळं तिनं बारा वर्षं गिळलं होतं. तो राग दात्यावर नव्हताच, आजारावर होता. तो बोलून झाल्यावर तिनं आपणहून विचारलं, दात्याच्या घरच्यांना पत्र लिहिता येतं का? अनेक ठिकाणी नेत्रपेढीमार्फत, नाव न कळवता, असं पत्र पोचवता येतं. तिनं अजून लिहिलेलं नाही. लिहायलाच हवं असं मला वाटत नाही.

आईवडिलांना मी इतकंच सांगितलं: मुलीनं विचारलं तर दात्याबद्दल मोकळेपणानं बोला, पण रागावताना त्याला मध्ये आणू नका. आणि 'डोळा जप' म्हणण्याऐवजी 'डोळा कसा आहे?' असं विचारा. वडिलांना हे जरा जड गेलं. तपासणीच्या तारखा आता नेहाच सांभाळते, आणि थेंब टाकायचा कंटाळा आला की तसं मोठ्यानं सांगतेही.