जनुकीय म्हणजे आनुवंशिकच का?

प्रश्न असा आलाय की आईच्या गाठीच्या रिपोर्टवर 'जेनेटिक म्यूटेशन' लिहिलंय, ते वाचून मावश्या, बहिणी सगळ्यांनीच धसका घेतलाय, तर जनुकीय आणि आनुवंशिक एकच का, आणि म्हातारपण यातल्या कशात बसतं?

एकच नाहीत, आणि या घोळापायी माणसं फार घाबरतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. जनुकीय म्हणजे जनुकाशी संबंधित काहीही. आनुवंशिक म्हणजे आईवडलांकडून आलेलं, रक्ताच्या नात्यातलं. (अनुवंशला इक लागला की पहिला स्वर वाढतो, व्यवहारचं व्यावहारिक होतं तसंच, त्यामुळे 'अनुवंशिक' लिहू नका.) डॉक्टर दोन्हीला जेनेटिकच म्हणतात आणि मग शनिपारापासून कोथरूडपर्यंत कुणालाही सांगा, त्याचा अर्थ 'घराण्यातच आहे' असाच काढला जातो.

आता म्हातारपणाचं बघा. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, त्यात चुका राहतात, शिवाय ऊन, तंबाखूचा धूर यांनी डीएनए बिघडतो तो वेगळाच. दुरुस्तीचं काम करणारी जनुकंही आपल्यात असतात, टीपी५३ नावाचं एक जनुक तर असं की बिघाड फार झाला तर पेशीचं विभाजनच थांबवतं नाहीतर तिला मरायला लावतं, आणि तेच बिघडलं की कॅन्सरला वाट मिळते. पण वयाच्या साठीत कातडीच्या एखाद्या पेशीत झालेला बदल मुलांकडे जात नाही, त्यासाठी तो बीजांडात किंवा शुक्राणूत असावा लागतो. म्हणजे हे बदल जनुकीय आहेत, आनुवंशिक नाहीत. त्यांना 'वयपरत्वे झालेले जनुकीय बदल' म्हणावं, सगळ्यांना कळतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण प्रोजेरियाचं. लहान मुलं झपाट्याने म्हातारी दिसायला लागतात, केस जातात, रक्तवाहिन्या कडक होतात. कारण एलएमएनए या जनुकातला बदल, २००३ मध्ये सापडला. पण आईवडलांत तो बहुतेक वेळा नसतोच, त्या मुलात नव्यानेच झालेला असतो! याउलट वर्नर सिंड्रोम, त्यात विशीतच केस पिकतात आणि तिशीत मोतीबिंदू होतो, पण तिथे दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते, म्हणजे तो खरोखर आनुवंशिक.

जन्मजात हा शब्दही यात घुसडतात, तो तिसराच. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला जन्मजात बहिरेपण येऊ शकतं, त्यात जनुकांचा दोष नसतो.

आणि 'आमच्याकडे सगळे नव्वदी गाठतात' म्हणणाऱ्यांसाठी: डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात, माणसामाणसाच्या आयुर्मानात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव हिस्साच आनुवंशिकतेच्या खात्यात पडला.

तुमच्या आईच्या बाबतीत डॉक्टरांना एवढंच विचारा की तपासणी गाठीच्या तुकड्याची झालीये की रक्ताची. नुसत्या गाठीची असेल तर तो बदल आनुवंशिक आहे असं त्यावरून ठरत नाही, डॉक्टरांना शंका वाटली तर ते रक्ताची वेगळी तपासणी सांगतील, आणि मावश्यांचा प्रश्न तिचा रिपोर्ट आल्यावरच.