वटवाघळांचे झाड तोडावे का?

प्रश्न : खानापूरजवळच्या आमच्या गावात वडावर वटवाघळांची मोठी वस्ती आहे. निपाह या विषाणूजन्य आजाराच्या भीतीने झाड तोडावे, असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर : कृपया तोडू नका. २०१८ साली केरळात निपाहची साथ आली, तेव्हा तेथील फळे खाणाऱ्या वटवाघळांत हा विषाणू आढळला, हे खरे. परंतु तो त्यांना सहसा आजारी पाडत नाही, आणि हुसकावलेली वटवाघळे ताणामुळे तो अधिक बाहेर टाकू शकतात, असे अभ्यासक मानतात. हे अभ्यासक स्वतः पहाटे, वटवाघळे परतण्यापूर्वी, झाडाखाली प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर पडलेले मूत्राचे थेंब तपासणीसाठी टिपून घेतात. आपण मात्र दातांच्या खुणा असलेले पेरू, आंबे खाऊ नयेत, आणि जनावरांनाही घालू नयेत.