गाडीच्या बॅटरीत विहिरीचे किंवा एसीचे पाणी घातले तर चालेल का?

विहिरीचे पाणी उकळून, गाळून घातले तरी चालणार नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारेही नको. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड किंवा डीएम (डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेले) वॉटर घाला.

उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. गोव्यात जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असू शकते आणि किनाऱ्या-खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. बॅटरीला ही दोन्ही घातक. लोह प्लेटांमध्ये ये-जा करत चार्ज खाते, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी बॅटरी उतरते. मिठातले क्लोराइड धन प्लेटची शिशाची जाळी कुरतडते. शिवाय बॅटरीतून उडते ते पाणी, क्षार आतच राहतात आणि प्रत्येक भरणीला वाढत जातात.

एसीचे पाणी वाफेचेच असते, पण ते कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन उतरते. आरओ आणि बाटलीबंद पाण्यातही थोडे क्षार असतातच. दुकानात नुसते ‘बॅटरीचे पाणी’ मागू नका, काही जण ॲसिडलाही तेच म्हणतात. लेबल वाचून घ्या.

भरताना इंजिन बंद, गाडी सपाट जागी, बॅटरी थंड. चष्मा आणि हातमोजे घाला, जवळ विडी-सिगारेट नको, कारण आत हायड्रोजन असतो. झाकणे उघडण्याआधी वरचा भाग ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर धूळ सरळ आत पडते. फनेल प्लॅस्टिकचे घ्या. चार्ज असलेल्या बॅटरीत वरच्या खुणेपर्यंत भरा, काठोकाठ नको. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढेच घाला, चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत आणा. चार्ज होताना पातळी वाढते. आधीच भरले तर ॲसिड उतू जाऊन टर्मिनल आणि खालचा ट्रे गंजतो, आपल्या दमट हवेत तर फारच लवकर. पातळी कमी झाली म्हणून ॲसिड कधीच घालू नका, उडालेले असते ते पाणीच.

झाकणे नसलेल्या मेंटेनन्स-फ्री बॅटरीला हे काहीच लागू नाही.

एकाच कप्प्याचे पाणी वारंवार उतरत असेल तर तो सेल खराब होत असावा. सगळ्याच कप्प्यांचे भराभर उतरत असेल तर इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट असावे, 15 च्या वर जात असेल तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासून घ्या.